पिलाचे खाद्य : मका की ज्वारी?

अकोल्याच्या जठारपेठेतील एखादा विद्यार्थी विचारील, ‘वऱ्हाडात ज्वारी पिकते, मग ब्रॉयलरच्या पिलांना मकाच का?’ कुक्कुटपालनात निम्म्याहून अधिक खर्च खाद्यावर होतो, म्हणून हा प्रश्न मोलाचा आहे.

पांढऱ्या ज्वारीत टॅनिन नगण्य असते. ती मक्याच्या जागी वापरता येते. टॅनिनयुक्त लाल वाणांत मात्र टॅनिन प्रथिनांना बांधून ठेवते व पिलाची वाढ खुंटते.

तंतूंचेही प्रकार आहेत. जवातील विद्राव्य तंतू पिलाच्या आतड्यात चिकट लगदा करतात; पचन अडते. भरड, अविद्राव्य तंतू २ ते ३ टक्के मिसळल्यास पेषणीचे स्नायू बळकट होतात व दाणा नीट दळला जातो. फार झाल्यास खाद्यातील ऊर्जा घटते.

जवाचे व ज्वारीचे पीठ कोमट पाण्यात तासभर भिजवून गाळावे. कोणते पाणी अधिक बुळबुळीत, हे विद्यार्थ्यांनीच ताडून पाहावे.