सोपाधिक विधाने, संगणकीय

संगणकाच्या आज्ञावलीतील एखादी अट सत्य आहे की असत्य, हे तपासून पुढील कृती ठरविणारी विधाने. फोर्ट्रान (१९५७) या भाषेत राशी ऋण, शून्य वा धन असेल त्याप्रमाणे तीन वाटा फुटत. ‘जर–तर–नाहीतर’ ही रचना पुढे अल्गॉल-६० या भाषेमुळे रूढ झाली. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये तयार केलेल्या जावास्क्रिप्ट या संकेतस्थळांच्या भाषेत त्यासाठी इफ, एल्स व स्विच हे शब्द योजतात.

अटीच्या पोटात अट गुंफत गेल्यास आज्ञावली दुर्बोध होते. म्हणून प्रतिकूल प्रकरणे आरंभीच निकालात काढणे श्रेयस्कर असते. उदा., ग्राहकाची नोंद नसल्यास थांबावे, खरेदीची यादी रिकामी असल्यास थांबावे. मग मुख्य भाग सरळ राहतो. एकाच चलाच्या अनेक ठराविक मूल्यांवर निर्णय अवलंबून असल्यास अटींच्या साखळीऐवजी स्विच किंवा कोष्टक वापरतात. नकारांची गुंतागुंत मदुराई येथे जन्मलेले गणितज्ञ ऑगस्टस डी मॉर्गन (१८०६–७१) यांच्या नियमांनी सुटते : ‘अ व ब ही दोन्ही एकाच वेळी सत्य नाहीत’ म्हणजे ‘अ असत्य आहे किंवा ब असत्य आहे’.

‘आणि’ने जोडलेल्या अटींपैकी पहिली असत्य ठरताच दुसरी तपासली जात नाही. त्यामुळे अल्प खर्चाची अट आधी व माहितीसाठ्यात शोध घेणारी अट नंतर ठेवतात. एरवी अट तपासण्याचा काळ जालावरील प्रतीक्षेच्या मानाने नगण्य असल्याने सुबोधतेस अग्रक्रम दिला जातो.

जावास्क्रिप्टमध्ये शून्य व रिक्त अक्षरमाला यांनाही अटीत असत्य मानतात. परिणामी ‘गुण असल्यास दाखवा’ अशा अटीमुळे शून्य गुण मिळविणारा विद्यार्थी अनुपस्थित भासतो. यासाठी मूल्याची नोंद आहे काय, हेच स्पष्टपणे तपासावे लागते.

मांडणीतील शैथिल्यही घातक ठरते. ॲपल कंपनीच्या आयओएस प्रणालीत महिरपी कंस नसलेल्या अटीखालील एक ओळ दोनदा लिहिली गेली होती. दुसरी ओळ अटीबाहेर पडून नेहमीच अंमलात येई व सुरक्षित जोडणीतील स्वाक्षरीची पडताळणी वगळली जाई. हा दोष २०१४ मध्ये दुरुस्त करण्यात आला.

ब्राउझरमध्ये चालणारी अट वापरकर्ता स्वतः बदलू शकतो. म्हणून अधिकार, किंमत वा पात्रता यांसंबंधीच्या अटी सर्व्हरवर पुन्हा तपासणे अनिवार्य असते.