छायाचित्रणाची साधने – लेखांक ६ : पोलरायझिंग फिल्टर

सूर्याच्या थेट प्रकाशातील कंपने त्याच्या प्रवासाच्या दिशेला काटकोनात, पण सर्व बाजूंना सारखीच होत असतात. हा प्रकाश पाणी, काच किंवा पानावरून परावर्तित झाला, अथवा हवेतील रेणूंनी विखुरला, की एका दिशेची कंपने वरचढ ठरतात. यालाच प्रकाशाचे ध्रुवीकरण म्हणतात. परावर्तनामुळे होणारे ध्रुवीकरण फ्रेंच शास्त्रज्ञ एत्येन-लुई मालुस यांना १८०८ मध्ये आढळले. ध्रुवीकरण करणाऱ्या पातळ पटलाच्या पेटंटसाठी अमेरिकेतील एडविन लँड यांनी १९२९ मध्ये अर्ज केला. आजचे फिल्टर याच पटलाच्या परंपरेतले आहेत.

लेन्सवर बसणाऱ्या या फिल्टरला दोन कडी असतात. मागचे कडे लेन्सच्या आट्यांत घट्ट बसते, पुढचे फिरते. पटल ठरावीक दिशेची कंपनेच पुढे जाऊ देते. त्यामुळे पुढचे कडे फिरवताना चकाकी कमी-जास्त होते. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त चकाकीच्या स्थितींत ९० अंशांचे अंतर असते. कॅमेरा आडव्याचा उभा केला, तर कडे पुन्हा फिरवून घ्यावे लागते.

परिणाम कोनावर अवलंबून असतो. पाण्याच्या पृष्ठभागाशी सुमारे ३७ अंशांचा, काचेशी सुमारे ३४ अंशांचा कोन साधला, तर चकाकी जवळजवळ नाहीशी होते आणि तळाचे दगड किंवा काचेपलीकडच्या वस्तू दिसू लागतात. काचेसमोर अगदी सरळ उभे राहिल्यास फरक पडत नाही. उघड्या धातूची चमकही फारशी हटत नाही. पावसाळ्यातल्या ओल्या पानांवरची पांढुरकी झाक मात्र निघून जाते आणि मूळचा हिरवा रंग उघडा पडतो. म्हणून ढगाळ दिवशीही हा फिल्टर उपयोगी ठरतो.

आकाशातील ध्रुवीकरण सूर्यापासून ९० अंशांवर सर्वाधिक असते. सूर्य पश्चिमेला कलला असताना उत्तरेकडचे आणि दक्षिणेकडचे निळे आकाश गडद करता येते. सूर्याच्या दिशेला किंवा त्याच्या नेमके विरुद्ध परिणाम नगण्य असतो. त्यामुळेच वाइड अँगल लेन्सने टिपलेल्या आकाशात एखादा गडद पट्टा उमटतो, आणि पॅनोरमाचे तुकडे जोडताना निळ्या छटा जुळत नाहीत.

फिल्टर लिनिअर आणि सर्क्युलर अशा दोन प्रकारांत मिळतो. एसएलआर कॅमेऱ्यातील अर्धपारदर्शक आरशामुळे लिनिअर फिल्टर लावल्यावर प्रकाशमापन आणि ऑटोफोकस चुकू शकतात. सर्क्युलर फिल्टरमध्ये पटलामागे आणखी एक थर असल्याने ही अडचण येत नाही. ‘सर्क्युलर’ हे नाव काचेच्या गोल आकारावरून नव्हे, तर बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या वर्तुळाकार ध्रुवीकरणावरून पडले आहे.

हा फिल्टर साधारण एक ते दोन स्टॉप प्रकाश खातो. दोन स्टॉप गेले, तर १/१२५ सेकंदाच्या जागी १/३० सेकंद शटर ठेवावे लागते. म्हणून मंद उजेडात तो काढून ठेवणे इष्ट. इंद्रधनुष्याचा प्रकाशही ध्रुवित असतो. कडे चुकीच्या स्थितीत राहिले, तर चित्रातून इंद्रधनुष्यच पुसले जाते.