छतामागचा वारा आणि पाच मिलिमीटर पाणी

एका पेल्यात दहा सेंटीमीटर उंचीपर्यंत पाणी घ्या. त्यात स्ट्रॉ तळापर्यंत बुडवून पाचवीतल्या एखाद्या मुलाला फुंकर मारायला सांगा. तो सहज बुडबुडे काढील. तळाशी बुडबुडा निघतो याचा अर्थ त्या मुलाने स्ट्रॉमधले दहा सेंटीमीटर पाणी खाली ढकलले. पाण्याच्या एक मिलिमीटर उंचीचा दाब जवळजवळ १० पास्कल असतो. म्हणजे मुलाच्या फुंकरीचा दाब झाला १००० पास्कल.

आता सभागृहांत, वाचनालयांत छतामागे बसवलेले तीन टनी वातानुकूलन यंत्र घ्या. ते तासाला दोन हजार घनमीटर हवा डक्टमधून फिरवते. पण डक्टमधून ही हवा ढकलण्यासाठी त्याच्या पंख्याकडे दाब किती असतो? अनेकदा अवघा ५० पास्कल, म्हणजे पाच मिलिमीटर पाणी! दाबाच्या बाबतीत आपला पाचवीतला मुलगा त्याला वीस पटींनी भारी आहे. (हवेच्या परिमाणात मात्र यंत्राशी त्याची तुलना नको.) यंत्राची गार हवा कोपऱ्यापर्यंत पोहोचणार की नाही आणि त्याचे पाणी छतातून गळणार की नळीने मुकाट्याने निघून जाणार, या दोन्ही गोष्टींचा निकाल अशा थोड्या मिलिमीटरांत लागतो. हे मी एका वाचनालयात शिकलो.

आमच्या गावच्या वाचनालयाने वरच्या मजल्यावरच्या अभ्यासिकेत असे यंत्र बसवून घेतले. पहिल्या उन्हाळ्यातच लांबच्या कोपऱ्यातली मुले घामाघूम होऊन बसू लागली. जुलै उजाडला आणि जुन्या मासिकांच्या बांधीव खंडांच्या कपाटावर छतातून पाणी ठिबकू लागले. ठेकेदाराचे मत ठाम होते : यंत्र लहान पडते, पाच टनी घ्या. समितीकडे पैसे नव्हते आणि खंड तर भिजत होते. ‘सर, तुम्ही विज्ञान शिकवता, एकदा बघा तरी,’ असे ग्रंथपाल बाई म्हणाल्या म्हणून मी शिडीवर चढलो.

टन म्हणजे वजन नव्हे

आधी यंत्राची ओळख करून घेऊ. छतामागे टांगलेल्या पेटीत मुख्य वस्तू चारच : थंड कॉइल, पंखा, हवा गाळणारी जाळी म्हणजे फिल्टर आणि कॉइलखाली पाणी गोळा करणारा ट्रे. खोलीतली हवा परतीच्या जाळीतून आत ओढली जाते, कॉइलवरून जाताना गार होते आणि पत्र्याच्या डक्टमधून ठिकठिकाणच्या झरोक्यांना पोहोचवली जाते. उष्णता बाहेर टाकण्याचे काम गच्चीवरचे दुसरे यंत्र करते. त्या दोहोंमधल्या तांब्याच्या नळ्या जोडणे आणि वायू भरण्यापूर्वी त्या निर्वात करणे हे काम चांगले मेकॅनिक चोख करतात. त्यात आपण शिरायला नको.

यातला ‘टन’ बर्फाच्या काळातला आहे. एक अमेरिकी टन, म्हणजे ९०७ किलो, बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो तो वेग म्हणजे एक टन. बर्फाची वितळण्याची सुप्त उष्णता दर किलोला ३३४ किलोज्यूल धरून विद्यार्थ्यांना गणित करायला द्या. उत्तर साडेतीन किलोवॅट येईल. तीन टनी यंत्र म्हणजे साडेदहा किलोवॅट. ही उष्णता कॉइलपर्यंत आणून देण्यासाठी दर टनामागे ताशी सुमारे ६८० घनमीटर हवा लागते. हवा कमी आली, तर कॉइल कितीही थंड असली तरी ती थंडी खोलीत पोहोचणार कशी?

दाबाचा जमाखर्च

पंख्याचे पाच मिलिमीटर कुठे खर्च होतात ते पाहू. तासाला दोन हजार घनमीटर म्हणजे सेकंदाला ०.५६ घनमीटर. डक्ट ४५ सेंमी रुंद आणि २५ सेंमी उंच असेल तर हवेचा वेग सेकंदाला पाच मीटर येतो. अशा पत्र्याच्या सरळ डक्टमध्ये घर्षणापायी दर मीटरला जवळजवळ एक पास्कल जातो. वाचनालयातला डक्ट होता बारा मीटरचा, म्हणजे खर्च १२ पास्कल. झरोक्यांचे १५, परतीची जाळी आणि स्वच्छ फिल्टर मिळून आणखी १५. इथवर बेरीज ४२. मग अडचण कुठे आहे?

अडचण वळणांत होती. एक तुळई चुकवण्यासाठी डक्टला दोन काटकोनी वळणे दिली होती, तीही पेटीच्या कोपऱ्यासारखी धारदार. अशा कोपऱ्यावर हवा समोरच्या भिंतीवर आदळते, भोवरे करते आणि आपल्या गतीतला जवळजवळ सगळा दाब तिथे गमावून बसते. हा गतीचा दाब काढायला शाळेतलेच सूत्र लागते : घनतेची निम्मी पट गुणिले वेगाचा वर्ग. हवेची घनता १.२ आणि वेग ५ घेतला, तर १५ पास्कल. धारदार वळणाला याहून थोडे जास्तच जातात. १७ धरले तर दोन वळणांचे ३४. एकूण खर्च ७६ पास्कल! हेच वळण गोलाईने दिले असते, किंवा कोपऱ्यात पत्र्याच्या वक्र पात्या बसवल्या असत्या, तर एकेका वळणाला चारच पास्कल लागले असते. दोन कोपऱ्यांनी बारा मीटर डक्टच्या जवळजवळ तिप्पट दाब खाल्ला होता. पत्र्याचे काम करणाऱ्याला काटकोन सोपा पडतो, त्याला दोष देण्यातही अर्थ नाही. नकाशावर वळण कसले हवे हे कोणी लिहिलेच नव्हते.

आता पंख्याची बाजू. पूर्वी अशा यंत्रांच्या पंख्याला पट्टा आणि पुली असे, आणि पुली बदलून वेग बदलत. हल्लीच्या यंत्रांत मोटरचा वेग इलेक्ट्रॉनिक मंडल ठरवते. भिंतीवरच्या रिमोटमध्ये मेकॅनिकसाठी एक वेगळी यादी असते. तिच्यात बाहेरच्या डक्टचा विरोध किती पास्कल आहे ते यंत्राला सांगायचे असते. वाचनालयाच्या यंत्रात तो आकडा होता ३०. कारखान्यातून आला तसाच तो राहिला होता.

डक्टमधला दाबाचा खर्च हवेच्या परिमाणाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. म्हणून ७६ची गरज असताना ३०च मिळाले, तर हवा येईल ३० भागिले ७६च्या वर्गमुळाइतकी, म्हणजे पूर्ण हवेच्या ६३ टक्के. (हवा कमी झाली की पंख्याचा दाब जरा वाढतो, त्यामुळे प्रत्यक्षात याहून किंचित बरे.) कमी हवेमुळे कॉइल अधिकच गार पडते, तिच्यावर बर्फ धरतो आणि बर्फाने वाट आणखी अरुंद होते. अशा वेळी पाच टनी यंत्र आणून त्याच डक्टला जोडले असते तर? त्याला तर ताशी ३४०० घनमीटर हवा हवी. त्याच डक्टमधून ती न्यायची, तर खर्च ७६च्या पावणेतीन पट, म्हणजे दोनशे पास्कलच्याही वर गेला असता. कोपऱ्यातली मुले घामाघूमच राहिली असती.

मग आकडा थेट ८० करावा का? तसे करता आले असते. पण पंखा जोरात फिरला की आवाज वाढतो, आणि ती अभ्यासिका होती. शिवाय आकडा डक्टच्या खऱ्या गरजेहून बराच जास्त ठेवला तर हवा इतक्या वेगाने कॉइलवरून जाते की तिच्यावरचे थेंब उडून डक्टमध्ये पडतात. आम्ही दोन्ही कोपऱ्यांत वक्र पात्या बसवून घेतल्या. खर्च १२, १५, १५ आणि ८, म्हणजे ५०. तेवढाच आकडा भरला. काही यंत्रे डक्टचा विरोध स्वतःच चाचणी घेऊन ठरवतात. मात्र त्या वेळी सगळे झरोके उघडे, फिल्टर जागेवर आणि कॉइल कोरडी असावी लागते. एखादा झरोका बंद राहिला तर यंत्र ती चूकच खरी मानून चालते.

उदबत्तीने काय सांगितले

वारा सुधारला, पण पाणी ठिबकतच होते. हे पाणी येते किती? हवा दहा अंशांनी गार करायला साडेदहापैकी सुमारे सात किलोवॅट लागतात. दमट दिवसात उरलेले साडेतीन बाष्पाचे पाणी करण्यात जातात. एक किलो बाष्पाचे पाणी होताना २४५० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. भागाकार केला की तासाला पाच लिटर पाणी येते. दिवसभरात दोन-तीन बादल्या सहज!

मेकॅनिकने माझ्यासमोर यंत्र बंद केले, ट्रेमध्ये दोन तांबे पाणी ओतले आणि ते क्षणात निघून गेले. ‘सर, नळी एकदम साफ आहे.’ त्याचे खरे होते. मग यंत्र चालू ठेवून तेच करून पाहिले. पाणी ट्रेमध्येच उभे राहिले, नळीच्या तोंडाशी गुरगुर करीत! खाली गच्चीच्या बाजूला नळीच्या दुसऱ्या टोकापाशी मी उदबत्ती धरली. धूर नळीत आत ओढला जात होता.

कारण आता उघड झाले. या यंत्रात पंखा कॉइलच्या पुढे होता आणि हवा कॉइलमधून ओढून घेत होता. म्हणून कॉइलखालच्या ट्रेपाशी दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी, सुमारे ८० पास्कलने. आठ मिलिमीटर पाणी एवढाच फरक. पण तेवढ्या दाबाने उघड्या नळीतून हवा सेकंदाला अकरा मीटरपर्यंतच्या वेगाने वर घुसू शकते. उतरू पाहणाऱ्या पाण्याला हा समोरचा वारा अडवतो आणि त्याचे शिंतोडे उडवतो. त्यात गवंड्याची लेव्हलची नळी लावून पाहिली तर पेटी निचऱ्याच्या उलट दिशेला थोडी कललेली निघाली, म्हणजे ट्रेची तेवढी कड आणखी कमी झाली. फिल्टरवर धूळ बसली की आठाचे पंधरा-वीस मिलिमीटर होतात. मग पाणी कडेवरून छतात आणि छतातून मासिकांवर.

उपाय मोरीत असतोच : नहाणी ट्रॅप. नळीला इंग्रजी ‘यू’सारखा बाक दिला की त्यात पाणी साचून राहते, हवेची वाट बंद होते आणि ट्रेमधले पाणी बाकातून पुढे ढकलले जाते. मात्र बाक पुरेसा खोल हवा. ट्रेचे तोंड आणि बाकाचे बाहेरचे तोंड यांच्या उंचीतला फरक शोषणाच्या पाण्याहून जास्त हवा. फिल्टर मळलेला असतानाचे वीस मिलिमीटर आणि वर पंचवीसची सोय धरून आम्ही पन्नास ठेवले. बाकात पाणी निम्मे, म्हणजे पंचवीस. पुढच्या नळीला शंभरास एक उतार दिला. तिचे टोक गटाराच्या नळीत न घालता वर मोकळे सोडले, नाहीतर बाक कोरडा पडल्यावर गटाराचा वास अभ्यासिकेत आला असता.

सगळ्याच यंत्रांना हे लागू होत नाही. काहींत पंखा कॉइलच्या मागे असतो आणि हवा तिच्यावर ढकलतो. तिथे ट्रेपाशी दाब बाहेरच्याहून जास्त असतो आणि पाणी आपसूक बाहेर लोटले जाते. काहींत पाणी उचलणारा छोटा पंप असतो. म्हणून शिडीवर चढल्यावर पहिला प्रश्न विचारायचा : पंखा कॉइलच्या अलीकडे की पलीकडे?

वर्गात हे मिलिमीटर दाखवायचे असतील तर गवंड्याची पारदर्शक नळी फार कामाची. ‘यू’ करून रंगीत पाणी भरले तर पाच मिलिमीटरचा फरक मागच्या बाकावरून दिसत नाही. त्याऐवजी एका टोकाला पाण्याने अर्धा भरलेला रुंद डबा जोडा आणि नळीचा दुसरा भाग एका फळीवर दहास एक अशा उतारावर तिरपा बांधा. डब्यातल्या हवेवर किंचित दाब दिला की एक मिलिमीटरचा फरक फळीवर दहा मिलिमीटर होऊन सरकतो. डब्याचे झाकण हवाबंद हवे आणि त्यातून एक बारीक नळी वर काढलेली हवी. तिच्यावर अगदी हलकी फुंकर मारायला सांगा. जोरात मारली तर रंगीत पाणी फळीबाहेर उडेल, आणि उडेलच, कारण मुले जोरातच फुंकणार.

रिमोटमधल्या आणखी दोन गोष्टी आम्ही त्याच दिवशी बदलल्या. यंत्र तापमान मोजत होते परतीच्या हवेचे, छताजवळ, जिथे हवा नेहमीच गरम. ते भिंतीवरच्या रिमोटमधल्या तापमापकाने मोजायला लावले. आणि हवी ती थंडी झाल्यावरही पंखा चालू राही, त्यामुळे ओल्या कॉइलवरचे पाणी पुन्हा वाफ होऊन खोलीत येई. पावसाळ्यात तो थांबवायचे ठरवले. पुस्तकांना गारव्यापेक्षा कोरडेपणाची गरज जास्त. विलिस कॅरिअर या अमेरिकी अभियंत्याने १९०२ साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी जी यंत्रणा आखली तीसुद्धा हवेतली आर्द्रता आवरण्यासाठीच होती, कागद फुगून रंग सरकत होते म्हणून.

खर्च आला तो पत्र्याच्या पात्यांचा, नळीच्या तुकड्यांचा आणि मेकॅनिकच्या दोन दिवसांच्या मजुरीचा. भिजलेल्या खंडांपैकी तीन वाचवता आले नाहीत. हिवाळ्यात यंत्र बंद असते आणि बाकातले पाणी वाळून जाते. म्हणून मार्चमध्ये यंत्र पहिल्यांदा सुरू करण्याआधी ग्रंथपाल बाई शिपायाला शिडी लावायला सांगतात आणि ट्रेमध्ये तांब्याभर पाणी ओतून घेतात. फिल्टर धुण्याच्या तारखा कपाटाच्या दारावर खडूने लिहिलेल्या आहेत.