दिवा इतका उंच कशाला?

महाड एमआयडीसीतल्या दोस्तांनो, तुमच्या गच्चीवरून समुद्र दिसत नाही. दिसतात डोंगर आणि कारखान्यांची धुराडी. पण तुमची सावित्री थेट समुद्रालाच जाते! महाबळेश्वराहून निघते, पोलादपूर, महाड करत हरिहरेश्वर आणि बाणकोट यांच्या मधून सागराला मिळते. पूर्वी भरतीच्या पाण्यावर गलबतं याच खाडीतून महाडपर्यंत माल आणायची. अंधाऱ्या रात्री त्यांच्या तांडेलाला किनारा कसा सापडायचा, हा विचार माझ्या मनातून जाता जात नाही.

अशा रात्री किनारा दाखवतं ते दीपगृह, आणि तसं एक आपल्या रायगड जिल्ह्यातच, अलिबागजवळ थळच्या समोरच्या खांदेरी बेटावर आहे. 1679 मध्ये शिवाजी महाराजांनी तिथे किल्ला बांधायला घेतला. मुंबईच्या इंग्रजांनी जहाजं धाडली, लढाई झाली. पण महाराजांच्या आरमाराचे मायनाक भंडारी आणि दौलतखान हटले नाहीत. त्याच बेटावर 1867 मध्ये अष्टकोनी दगडी दीपगृह उभं राहिलं. आज त्याला मराठा आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्रे यांचं नाव आहे.

आता गंमत बघा. पृथ्वी गोल, म्हणून समुद्राचं पाणीही दूरवर वाकत जातं आणि लांबचा दिवा त्या वाकणाआड दडतो. वाळूत उभ्या असलेल्या मुलाला जेमतेम 4 ते 5 किलोमीटरपर्यंतचं पाणी दिसतं. दिवा 50 मीटरवर नेला तर तो सुमारे 25 किलोमीटरवरच्या पाण्यापर्यंत पोचतो. हिशेब सोपा आहे: उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, त्याला 3.57 ने गुणा. आला आकडा किलोमीटरमध्ये! रायगडाची उंची सुमारे 820 मीटर. करून बघा. 100 किलोमीटरच्या वर उत्तर येतं ना? अर्थात, मधे डोंगर नसते तर!

पण अंतर दुप्पट करायचं तर उंची चौपट लागते. तेवढा मनोरा बांधणार कोण? म्हणून दीपगृहाला शक्यतो टेकडीच शोधतात.

उंचीचं झालं, पण प्रकाशाचं काय? दिव्याचा उजेड चहूकडे पसरतो. आकाशात गेलेला वायाच. तो गोळा करायला प्रचंड भिंग हवं, आणि तसं भिंग फार जाड, फार जड. फ्रान्सच्या ऑगस्टिन फ्रेनेलने ओळखलं की प्रकाश वळतो तो काचेच्या पृष्ठभागावर. मधली जाडी नसली तरी चालेल. मग त्याने काचेची कडी एकाभोवती एक बसवली. 1823 मध्ये फ्रान्समधल्या कोर्दुआन दीपगृहात असं भिंग लागलं आणि जगभरच्या खलाशांची रात्र बदलली. मला तर हा शोध आगगाडीइतकाच मोठा वाटतो.

जवळपासच्या दोन दीपगृहांची लुकलुक मुद्दाम वेगवेगळी ठेवतात. खलाशी झोत मोजतो, नकाशाशी ताडतो आणि आपण कुठे आहोत ते ओळखतो. अंधार पडल्यावर थळच्या किनाऱ्यावर मोठ्यांसोबत गेलात, तर घड्याळ जवळ ठेवा. खांदेरीच्या एका झोतापासून पुढच्या झोतापर्यंत किती सेकंद गेले, ते वहीत लिहा.