स्ट्रिंग सिद्धांतातली तार: गैरसमज आणि वस्तुस्थिती

सतारीच्या तारेची उपमा दिल्याशिवाय स्ट्रिंग सिद्धांताची, म्हणजे सगळे मूलभूत कण ही अतिसूक्ष्म तारांची कंपने आहेत या कल्पनेची, ओळख सहसा होत नाही. उपमा सुरेख आहे, पण ती शब्दशः घेतली की या तारेचे सगळ्यांत विलक्षण गुणच नजरेआड होतात. म्हणून काही गैरसमज आधी दूर करायला हवेत.

गैरसमज: ही तार म्हणजे कशाचा तरी अतिसूक्ष्म धागा.

वस्तुस्थिती: सतारीची तार अणूंची असते. सिद्धांतातली तार कशाचीही बनलेली नाही, कारण इथे मूलभूत तीच आहे. तिला लांबी आहे, जाडी नाही. तिच्या अंगावर बोट ठेवून ओळखावा असा एकही कण नाही. त्यामुळे लांबीच्या दिशेने होणाऱ्या हालचालीला काही अर्थच उरत नाही. तिची खरी कंपने फक्त आडवी असतात.

गैरसमज: ताणली की तिच्यातला ताण वाढतो.

वस्तुस्थिती: खुंटी पिळली की सतारीच्या तारेतला ताण वाढतो. या तारेचा ताण मात्र कायम तेवढाच राहतो. लांबी दुप्पट झाली तर ऊर्जा दुप्पट होते, ताण नाही. दर एकक लांबीमागची ऊर्जा हाच तिचा ताण. म्हणूनच तिच्यावरची लहर प्रकाशाच्या वेगाने धावते.

गैरसमज: इलेक्ट्रॉन हा एक सूर, क्वार्क हा त्याच्या वरचा सूर.

वस्तुस्थिती: सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. सिद्धांताच्या रूढ मांडणीत कंपनाची एक पायरी चढली, तरी कणाचे वस्तुमान प्रोटॉनच्या अब्जावधी अब्ज पट होते. म्हणून आपल्याला माहीत असलेले सगळे कण सर्वांत खालच्या, वस्तुमानशून्य पायरीवरच बसवावे लागतात. त्यांच्यातले फरक ठरतात ते कंपनाच्या दिशेवरून आणि अवकाशाच्या ९ मितींपैकी ज्या ६ गुंडाळलेल्या मानल्या जातात त्यांच्या आकारावरून. त्यांची चिमुकली वस्तुमाने नंतरच्या, वेगळ्या प्रक्रियांतून येतात.

याच पायरीवर बंद, म्हणजे टोके जुळून वलय झालेल्या, तारेचे एक कंपन सापडते: वस्तुमान शून्य आणि स्पिन (कणाचा अंगभूत कोनीय संवेग) २. १९६८मध्ये भौतिकशास्त्रज्ञ व्हेनेझियानो यांच्या सूत्रातून ही वाट सुरू झाली, तेव्हा उद्देश अणुकेंद्रातले तीव्र बल समजून घेण्याचा होता. त्या उद्देशाला हे कंपन अडचणीचे होते. १९७४मध्ये शेर्क आणि श्वार्ट्झ यांनी ते गुरुत्वाकर्षणाचा कण, ग्रॅव्हिटॉन, असल्याचे सुचवले, आणि सिद्धांताचे ध्येयच बदलले.

गैरसमज: या सिद्धांतात तारांखेरीज काही नाही.

वस्तुस्थिती: १९९५मध्ये पोल्चिन्स्की यांनी डी-ब्रेनचे महत्त्व दाखवले. खुल्या तारांची टोके ज्यांना चिकटतात अशी ही पटले अनेक मितींची असू शकतात. त्याआधी १९९४मध्ये, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असताना अशोक सेन यांनी प्रबळ आणि दुर्बळ आंतरक्रियांमधल्या द्वैताला, म्हणजे ही एकाच गोष्टीची दोन समतुल्य वर्णने आहेत या कल्पनेला, भक्कम आधार दिला. या द्वैतात मूलभूत काय आणि संयुक्त काय, हे वर्णनाच्या बाजूवर अवलंबून राहते.

गैरसमज: तारा प्रयोगात सापडल्या आहेत.

वस्तुस्थिती: नाहीत. एका मीटरचे एकावर ३४-३५ शून्ये इतके भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे तारेची अपेक्षित लांबी. जिनिव्हाजवळच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरची नजर सुमारे १९ शून्यांपर्यंतच पोहोचते. गुरुत्वाकर्षण आणि पुंजयामिकी यांना सुसंगतपणे जोडणारे हे गणित खरोखर मौल्यवान आहे, पण निसर्गाने त्याला दुजोरा दिलेला नाही. या सिद्धांताबद्दल बोलताना ही दोन्ही विधाने बरोबरीने करायला हवीत.