संगणकाची भाषा शिका, पण वहीची उलटतपासणीही करा!

संगणकाची भाषा शिकायची म्हणजे आधी भारी संगणक हवा, फाडफाड इंग्रजी हवे आणि क्लासवाल्याला हजारो रुपये मोजायला हवेत, असा समज आमच्या तरुणांच्या मनात पद्धतशीरपणे रुजविण्यात आला आहे. हा समज साफ खोटा आहे. पायथॉन ही भाषा गिदो व्हान रॉसम या डच माणसाने १९९१ साली जगापुढे ठेवली. ती फुकट आहे. आणि ती शिकण्याचे आजचे सर्वांत सोपे साधन, म्हणजे नोटबुक किंवा वही, तेही फुकट आहे.

कोलंबियात जन्मलेले फर्नांडो पेरेझ भौतिकशास्त्राचे विद्यार्थी असताना त्यांनी २००१ मध्ये आपल्याच अभ्यासाच्या गरजेपोटी आयपायथॉन लिहायला घेतले. २०११ मध्ये त्यात वही आली आणि २०१४ पासून ती ज्युपिटर नावाने ओळखली जाऊ लागली. गुगलची कोलॅब ही त्याच धर्तीची वही. ती मोबाइलच्या ब्राउझरमध्येही उघडते आणि हिशेब गुगलच्या यंत्रावर होतो, त्यामुळे आपला संगणक जुना असला तरी बिघडत नाही.

या वहीत चौकटी असतात. चौकटीत ओळ लिहायची, शिफ्ट धरून एंटर दाबायचे, की उत्तर तिथेच खाली येते. चुकले तर यंत्र लांबलचक तक्रार करते. घाबरू नये, तिची शेवटची ओळ आधी वाचावी. तेथे नेमएरर असेल तर आपण वापरलेले नाव यंत्राला ठाऊक नाही, एवढाच अर्थ.

आम्ही वकिली करतो, तेव्हा उदाहरण सावकाराचेच घेऊ. पहिल्या चौकटीत लिहा:

कर्ज = १००००

होय, मराठीत! २००८ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून पायथॉनला देवनागरी नावे चालतात. अंक मात्र इंग्रजीच टाइप करा, येथे ते छपाईपुरते मराठी आहेत. आता दर महिना शेकडा ३ चक्रवाढ व्याज लावायचे. दुसऱ्या चौकटीतली मुख्य ओळ अशी:

कर्ज = कर्ज * १.०३

शाळेतले गणित शिकलेला येथे अडतो. कर्ज स्वतःच्याच १.०३ पटीबरोबर कसे असेल? पण पायथॉनमध्ये हे चिन्ह 'बरोबर' नव्हे, 'ठेव' असे सांगते: उजवीकडचा हिशेब कर आणि डावीकडच्या नावाखाली ठेव. ही ओळ बारा वेळा फिरवण्यासाठी तिच्या डोक्यावर फॉर आणि रेंज हे शब्द लागतात, ते इंग्रजीतच लिहावे लागतात. चौकटीच्या शेवटी, फेऱ्यांच्या बाहेर, नुसते कर्ज लिहा आणि चालवा. उत्तर येते सुमारे १४,२५७ रुपये ६१ पैसे. 'शेकडा तीन' ऐकायला किती किरकोळ! वर्षाला ते शेकडा ४२ च्या वर जाते.

आता खरी मेख. तीच दुसरी चौकट पुन्हा चालवा. वहीतले एक अक्षरही बदललेले नाही, तरी कर्ज होते सुमारे २०,३२८ रुपये! व्याज म्हणून मुद्दलाहून अधिक वसूल करता येत नाही, हा दामदुपटीचा जुना नियम. त्याचीही हद्द ओलांडली गेली, आणि ती दोन बोटांच्या एका दाबाने. कारण काय? यंत्राच्या स्मरणात आता कर्ज १०,००० नव्हतेच, १४,२५७ होते. पानावर दिसते ते एक आणि स्मरणात असते ते दुसरे, हा या वहीचा मोठा दोष आहे. शिकवणारे पुष्कळदा तो सांगतच नाहीत.

पण वही पुरावाही मागे ठेवते. प्रत्येक चौकटीच्या कडेला कंसात एक क्रमांक असतो, तो चालवण्याचा क्रम. कोर्टाच्या रोजनाम्यासारखा तो वाचावा. आपल्या वहीत पहिल्या चौकटीपाशी १ आणि दुसरीपाशी ३ दिसेल. मग मधला २ गेला कुठे? उलटतपासणीतला पहिला प्रश्न हाच! उपायही सोपा आहे. मेनूत 'रीस्टार्ट' करून सर्व चौकटी वरून खाली चालवण्याची सोय असते. स्मरण कोरे होते, हिशेब पहिल्यापासून होतो, उत्तर पुन्हा १४,२५७ येते. हे केल्याशिवाय आपली वही कोणाला दाखवू नये आणि दुसऱ्याच्या वहीतल्या आकड्यावर विश्वासही ठेवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

काही क्लासवाले आधीच भरलेली वही हातात देतात. मुले वरपासून खालपर्यंत एंटर दाबत जातात आणि प्रमाणपत्र घेऊन घरी येतात. याला आम्ही शिकणे म्हणत नाही. कोरी वही उघडा आणि वरच्या ओळी स्वतःच्या बोटांनी टाइप करा. मग चक्रवाढ काढून सरळ व्याज लावा, वर्षअखेर कर्ज बरोबर १३,६०० रुपये व्हायला हवे. त्यासाठी दुसऱ्या चौकटीतली कोणती ओळ बदलायची, हे कोणाला न विचारता शोधा.