तासाभराच्या वाटेवरचे पाणी

रविवारी सकाळी पुण्यातून चारी दिशांना गाड्या निघतात. कुणी खडकवासल्याच्या चौपाटीवर कणसे खायला, कुणी पानशेतला, कुणी मुळशीची हवा घ्यायला, तर कुणी पवनेकाठच्या तंबूत रात्र काढायला. गंमत अशी, की यातला जवळजवळ प्रत्येक रस्ता कुठल्या ना कुठल्या धरणाच्या पाण्यापाशी जाऊन थांबतो आणि तरीही त्या पाण्याशी आपला संबंध छायाचित्रापुरताच राहतो. पाण्याकडे पाठ, चेहरा कॅमेऱ्याकडे. त्या पाण्यात कोण राहते, काय खाते, पावसाळ्यात कुठे जाते, हे विचारले तर चांगली शिकलेली माणसेही गप्प होतात.

गळ टाकून बसणे हा आपल्या मध्यमवर्गात कधीच प्रतिष्ठेचा उद्योग नव्हता. कोकणात निदान पोरे तरी खाडीवर तंगूस घेऊन जात. देशावर मात्र हा रिकामटेकड्या पुरुषाचा, त्यातही एकट्या पुरुषाचा नाद समजला गेला. बायकामुलांनी डबा घेऊन काठावर बसावे, आजीने नातीला कणकेची गोळी गळाला कशी लावायची ते दाखवावे, हे चित्र आपल्या डोळ्यांपुढे येत नाही. ते यावे, असे मला गेली काही वर्षे फार वाटू लागले आहे. मुलांना निसर्ग दाखवायचा म्हणून आपण त्यांना बरेच काही दाखवतो. पण दाखवणे आणि वाट पाहायला लावणे यांत फरक आहे. गळ वाट पाहायला लावतो.

माझी या विषयाशी ओळख झाली ती बँकेमुळे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस मी भीमाकाठच्या एका शाखेत अधिकारी होते. उजनीचे धरण १९८० साली पूर्ण झालेले, पाण्याखाली गेलेल्या जमिनींच्या आठवणी अजून ताज्या, आणि एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमातून होड्या-जाळ्यांसाठी कर्जे निघत. होडी खरोखर पाण्यात आहे की नुसती कागदावर, हे पाहायला पहाटे काठावर जावे लागे. कर्जाचे कागद नवऱ्याच्या नावावर असत. पण मासे निवडणारी, वजन करून घेणारी, व्यापाऱ्याशी भांडणारी आणि हप्त्याची तारीख लक्षात ठेवणारी घरची बाई असे. माशांची नावे मी त्या बायकांकडून शिकले.

नावांचा हा विषय साधा नाही. विल्यम हेन्री साइक्स नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी एकोणिसाव्या शतकात दख्खनमध्ये हिंडून इथल्या माशांच्या नोंदी करत होता. १८३९ साली त्याने प्रसिद्ध केलेल्या वर्णनांत पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत सापडलेला एक मोठा, जाड खवल्यांचा मासा आहे. हाच दख्खनचा महासीर. त्याचे शास्त्रीय नाव ‘टॉर खुद्री’. यातला ‘खुद्री’ हा शब्द लॅटिन नाही, तो इथल्या मासे पकडणाऱ्यांच्या तोंडचा. दगडाला चिकटून राहणारा छोटा ‘मळ्या’ साइक्सने ‘मुल्या’ करून ठेवला, मिशावाला ‘शिंगटा’ ‘सींगटी’ झाला. जगभरच्या ग्रंथांत आज ही नावे तशीच छापली जातात. पुण्याच्या भोयांनी आणि कोळ्यांनी विज्ञानाला दिलेली ही देणगी आपल्या शाळांत कुणी सांगत नाही.

आता जागांविषयी. मुलाबाळांना घेऊन जायचे तर माझ्या मते चार गोष्टी पाहाव्यात. उतार हळूहळू पाण्यात जाणारा हवा, सावली हवी, काठावर ओळखीचे कुणी तरी हवे, आणि स्वच्छतागृह हवे. शेवटची गोष्ट पुरुष लेखकांच्या यादीत सहसा नसते. पण बायका आणि मुली काठावर का दिसत नाहीत याचे निम्मे उत्तर त्यातच आहे.

या कसोटीवर खडकवासला, सर्वांत जवळचा असूनही, मागे पडतो. गर्दी फार, रस्त्याला लागूनच पाणी, शिवाय ते शहराच्या पिण्याचे. पाण्यात उतरू नये असे फलक आहेत आणि ते का आहेत हे दर उन्हाळ्यात बुडणाऱ्यांच्या बातम्या सांगतात. पानशेत आणि वरसगावचे जलाशय डोंगरांच्या कुशीतले. काठ दिसायला देखणे, पण जागोजागी एकदम खोल. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि पुणे बुडाले, ती आठवण आता आमच्याहून मोठ्या पिढीपाशीच उरली आहे. भोरजवळचे भाटघर हे १९२८ साली पूर्ण झालेले जुने धरण. तिकडे वर्दळ कमी असते आणि गावातल्या कुणाला तरी बरोबर घेतले तर दिवस चांगला जातो. पवनेकाठी आता राहण्याची सोय असलेल्या बऱ्याच जागा झाल्या आहेत. तिथे सोयी मिळतात, काठ पुष्कळ ठिकाणी सौम्य आहे. मात्र पोहायला उतरलेली तरुण मुले तिथेही बुडाली आहेत. म्हणून नियम एकच, गळ टाकायला आलो आहोत, पोहायला नाही. दहा वर्षांखालच्या मुलाच्या अंगात तरंगते जाकीट काठावरही हवेच.

कुटुंबासाठी पहिली पसंती मी भिगवणला देईन. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास, म्हणजे तासाभराची वाट दुप्पट होते. पण हिवाळ्यात उजनीच्या उथळ पाण्यात रोहित पक्षी उतरलेले असतात, होडी चालवणारी माणसे पिढीजात जाणकार आहेत आणि दुपारी माशाचे जेवण मिळते. होडीवाल्याला विनंती केली तर तो जाळे कसे फेकतात तेही दाखवतो. पोरांना ते सर्कशीहून अधिक आवडते.

जाताना एक ध्यानात ठेवावे. धरणातले मासे बेवारशी नसतात. मत्स्यव्यवसाय खात्याकडून जलाशय ठेक्याने घेणाऱ्या सहकारी संस्था असतात. त्या पैसे मोजून मत्स्यबीज आणतात, सोडतात आणि त्यावर घरे चालवतात. आपला रविवारचा विरंगुळा त्यांच्या पोटापाण्याच्या मधोमध होतो आहे, याचे भान ठेवून आधी विचारावे, शुल्क असेल तर द्यावे. लावलेल्या जाळ्याजवळ गळ टाकू नये. मुंबईकरांसाठी पवई आहे. तिथे महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन आहे, तिच्याकडे चौकशी करूनच जावे. त्या तलावात मगरी आहेत, हेही मुलांना आधीच सांगावे.

शेततळ्यांबद्दल वेगळे लिहायला हवे. कृषी पर्यटनाच्या जागी पाहुण्यांना शेततळ्यात गळ टाकू देतात. मासा हमखास मिळतो, म्हणून ते सोयीचे वाटते. पण प्लास्टिकचा कागद अंथरलेले शेततळे हे धरणाहून धोक्याचे. कडा शेवाळाने निसरड्या होतात, एकदा आत घसरलेल्याला पट्टीचे पोहता येत असले तरी वर चढता येत नाही. कुंपण, काठाला बांधलेला दोर आणि तरंगती ट्यूब या तीन गोष्टी दिसल्या नाहीत तर सरळ परत फिरावे. तसेच धरणाच्या भिंतीखालच्या पात्रात कधी बसू नये, दारे उघडली की पाणी वाढायला वेळ लागत नाही. आणि एप्रिल-मेमध्ये पाणी मागे सरकते तेव्हा उघडा पडलेला गाळ वरून वाळलेला दिसतो, खाली मऊ असतो. त्यावर मुलांना पळू देऊ नये.

सामान थोडे लागते. दुकानातल्या महागड्या काठ्यांचा मोह पहिल्या वर्षी टाळावा. आठ-दहा फुटी बांबूची काठी, तेवढीच नायलॉनची दोरी, बारीक गळ, शिशाचा एक दाणा आणि तरंगायला बुचाचा तुकडा. आमिषाला गांडूळ, किंवा शेंगदाण्याची पेंड घालून घट्ट मळलेली कणीक. वेळ सकाळी उन्हे चढेपर्यंत आणि संध्याकाळी उन्हे कलल्यावर. बूच हलले की पोरे लगेच ओढतात. ते पूर्ण बुडेपर्यंत थांबायला शिकवणे हेच खरे शिक्षण. पावसाळ्याच्या तोंडाला मात्र गळ गुंडाळून ठेवावा. चढणीचे मासे त्या वेळी पोटात अंडी घेऊन प्रवाहाच्या उलट वर निघालेले असतात. तेव्हा धरलेला एक मासा म्हणजे मुद्दलच उचलून नेणे.

माझ्या सहा वर्षांच्या नातीने पहिल्याच दिवशी विचारले, ‘‘आजी, त्याला दुखतं का गं?’’ सूनबाई माझ्याकडे पाहू लागल्या. घरात निम्मी माणसे शाकाहारी, त्यामुळे प्रश्न नुसता नातीचा नव्हता. २००३ साली लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशाच्या तोंडाभोवती इजा जाणणारी मज्जातंतूंची टोके असल्याचे दाखवून दिले. जाणवणे म्हणजे माणसासारखे दुःख होणे का, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. मी नातीला सांगितले, ‘‘दुखत असणार असं समजूनच आपण वागायचं.’’ त्यातून आमच्या घरचे नियम तयार झाले. गळाच्या टोकामागचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करायचा, म्हणजे तो सहज निघतो. मासा धरण्याआधी हात ओले करायचे, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्याला रोग जडतो. फोटोसाठी पाण्याबाहेर लटकवत ठेवायचा नाही. आणि पोट भरण्यापुरताच मासा ठेवायचा.

कुठला ठेवायचा, यालाही उत्तर आहे. उजनीकाठी ज्याला चिलापी म्हणतात तो तिलापिया मूळचा आफ्रिकेचा, १९५२ साली भारतात आणलेला. त्याची मादी अंडी तोंडात सांभाळते, हे ऐकून नातीचे डोळे विस्फारले होते. हा पाहुणा इतका वाढला, की घरच्या माशांना जागा उरेना. तेव्हा आमचा रिवाज असा, की घरचा मासा पाण्यात परत आणि पाहुणा तव्यावर.

बाहेरचा आणि घरचा हा भेद मात्र गंमतीवारी नेण्याइतका सोपा नाही. १९७०च्या दशकापासून लोणावळ्याला टाटांच्या केंद्रात महासीरची पैदास होते. आपल्या नद्यांतून हा मासा नाहीसा होत असताना ते काम मोलाचे ठरले. पण तिथली पिले दूरच्या नद्यांतही गेली. कावेरीत पाठीवर उंचवटा असलेला तिचा स्वतःचा महासीर होता, ज्याची शास्त्रीय ओळख २०१८ साली ‘टॉर रेमादेवी’ अशी पक्की झाली. तो आज नामशेष होण्याच्या काठावर आहे आणि त्याला आपल्या दख्खनी महासीरने हटवले, असे अभ्यासक सांगतात. चांगल्या हेतूने सोडलेला मासाही परक्या पाण्यात गेला की असे होते. घरच्या काचेच्या टाकीतला कंटाळवाणा झालेला मासा तळ्यात ‘मोकळा’ करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

ज्यांना गळच नको, त्यांच्यासाठीही जागा आहेत. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे, वाड्याजवळ वैतरणेकाठी तिळसेश्वर आहे. तिथले महासीर देवाचे. कुणी धरत नाही. लोक चुरमुरे टाकतात आणि हातभर लांबीचे मासे पायरीपाशी येतात. खरे तर मुलांची पहिली सहल इथेच व्हावी. मोठा, निर्भय मासा जवळून पाहिलेल्या मुलाला पुढे गळ हातात घेताना आपोआप अदब येते. सरकारी पाटी नसताना केवळ श्रद्धेवर टिकलेली ही अभयारण्ये आहेत.

मी या जागांची अंतरे मांडते तेव्हा एक गोष्ट खटकत राहते. वीस किलोमीटर, पन्नास, शंभर, सव्वाशे. माशासाठी आम्हाला इतके दूर जावे लागते. माझ्या घरापासून मुठा पायी दहा मिनिटांवर आहे. साइक्सने ज्या नद्यांतल्या माशाला पुण्याच्या लोकांचे नाव दिले, त्यांपैकीच ही एक. आज तिच्यात सांडपाणी आहे, खाली जलपर्णी आहे आणि कठडा आहे. आम्ही नदीचे काठ बांधतो, दिवे लावतो, बाके टाकतो. बाकावर बसून पाहायचे काय, हे विचारत नाही. नदी सुधारली की नाही हे मोजायला यंत्रे लागतात, ती लागोतच. पण त्याबरोबर एक साधे मोजमापही असावे. नातीने घरून काठी घेऊन चालत नदीवर जावे, मळ्या किंवा शिंगटा धरावा, ओल्या हाताने परत सोडावा आणि जेवायच्या वेळेला घरी यावे. हे ज्या दिवशी जमेल, त्या दिवशी गाडी काढायची गरज उरणार नाही.